दोन आत, चार बाहेर

मी आशा कार्यकर्ती आहे. गरोदर बायांच्या नोंदी ठेवायच्या, लेकरं डोसाला गोळा करायची आणि मीटिंगला पाच मिनिटं उशीर झाला की बोलणी खायची, असं ते काम. डोंगरकड्याजवळच्या आमच्या तांड्यात माझं ऐकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलं एक बोट म्हणजे मिना.

मिना माझ्या थोरल्या दिराची, थावराची पोरगी. लहानपणापासून दमेकरी. हळद पॉलिश करायचा ड्रम शेतात फिरायला लागला की त्याच्या धुळीनं तिची छाती वाजायची. बाळापूरच्या डॉक्टरांनी दोन पंप दिले होते. एक रोज घ्यायचा आणि दुसरा, निळा, दम लागला की. रोजचा पंप माझ्या जावेनं, जिवनबाईनं, दोनच महिन्यांत बंद करून टाकला. दम लागत नाही तर कशाला, म्हणाली. दम लागत नव्हता तो पंप चालू होता म्हणून, हे मी तिला चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा सांगितलं नाही.

त्यात शिरड शहापूरकडच्या तांड्यातलं स्थळ आलं. पोरगा रणजीत, आयटीआय झालेला, निर्व्यसनी. जिवनबाईचे पाय जमिनीवर ठरेनात. बोलणी झाली त्या दिवशी ती माझ्या दारात येऊन बसली.

"शिला, त्या लोकाच्या नजरेला पंप पडता कामा न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं ऱ्हात न्हाई, बाई."

"लगीन लागूस्तोवर झाकू. मंग फुटू दे." मग तिनं आवाज खाली आणला. "तू ते श्वासाचं शिकून आलीस ना हिंगोलीला? ते शिकव तिला. ते कुणाला दिसत न्हाई."

ते मी शिकून आले होते, हे खरं. खांदे सैल सोडायचे, एक हात पोटावर ठेवायचा. नाकानं दोन मोजत श्वास आत घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठांतून चार मोजत बाहेर सोडायचा. माणूस घाबरलं की दम वाढतो, दम वाढला की माणूस आणखी घाबरतं. तो फेरा मोडायला हा व्यायाम. शिकवणाऱ्या मॅडमनी दोनदा बजावलं होतं की हे औषधाच्या जोडीला आहे, औषधाच्या जागी नाही. मी ते वहीत लिहून खाली रेघसुद्धा मारली होती. तरी जावेला हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडं काही शिकायला येत होतं.

त्याच महिन्यात मिनाची दुसरी शिकवणीही सुरू झाली. आमच्यात नवरी मुकाट्यानं सासरी जात नाही. एकेका माणसाच्या गळ्यात पडून ती सुरात रडते. कुणी काय दिलं, कुणी काय केलं, आता हे कोण करणार, सगळं त्यात येतं. याला ढावलो म्हणतात. तो जिला नीट जमला नाही, तिला माहेराची मायाच नव्हती असं बाया पुढची वीस वर्षं बोलतात. म्हणून म्हाताऱ्या आधी महिनाभर शिकवतात. आमच्या तांड्यात हे काम भिकाबाईचं.

दुपारी लिंबाखाली आधी माझा तास व्हायचा, मग भिकाबाईचा. मी श्वास राखायला शिकवायची आणि ती उधळायला.

"हुंदका मधीच तोडू नको," भिकाबाई म्हणायची. "श्वास सरूस्तोवर वढ."

मिना हसायची. "तुमी दोघी मिळून एकदा ठरवून सांगा बरं, सोडू का धरू?"

तेव्हा आम्हीही हसलो. आता ते हसणं आठवलं की माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

मे महिन्यात लग्न झालं. सकाळीच मी जिवनबाईला बाजूला घेऊन पंप कुठं आहे ते विचारलं.

"पेटीत, साड्याखाली. चावी माझ्याजवळ हाय."

"तिच्या कमरेला खोस की."

"अन् चार बायात खाली पडला तर?"

लग्नघरात वाद कशाला, असं मनाशी म्हटलं. शहाण्यासारखं दिसणारं भित्रेपण माझ्याकडं भरपूर आहे.

निघायची वेळ चार वाजताची. जीपा वळत होत्या, फुफाटा उडत होता, चुलवणाचा धूर अंगणातच घुटमळत होता. मिना बापाच्या गळ्यात पडून रडली आणि आमचे दीर, जे कधी कुणापुढं डोळे ओले करत नाहीत, ते लेकरासारखे रडले. मग ती आईकडं गेली. बाया एकमेकींना कोपर मारून सांगत होत्या, काय रडून राहिली पोरगी. पोरांनी मोबाईल वर धरले होते.

मग ती माझ्याकडं आली. हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवून तिनं सूर धरला. "काकी, तू मला..." एवढे शब्द आले आणि पुढं शब्दच नव्हते, नुसती ओढ होती.

"व्हय, असंच वढ," मागून भिकाबाई म्हणाली. तिला शिष्येचा अभिमान वाटत होता. सगळ्यांना तो ढावलोच वाटत होता.

माझ्या पाठीवर तिची बोटं हलली. दोन वेळा टेकली, थांबली, मग चार वेळा टेकली. ती माझा धडा करत होती. पण दोन मोजून होण्याआधीच श्वास अडत होता आणि चार काही पुरे होत नव्हते. माझ्या कानाशी तिची छाती शीळ घालत होती.

मी जिवनबाईकडं पाहिलं. आई ती, तिला कळलं होतं. चावी तिच्या मुठीत होती. तिनं जीपेजवळ उभ्या असलेल्या व्याह्यांकडं पाहिलं आणि मला मानेनं नको म्हणून खुणावलं.

आणि मी थांबले. किती थांबले ते मला नेमकं माहीत आहे, कारण माझ्या पाठीवर मोजणी चालू होती. दोन आणि चार, असे तीन फेरे मी थांबले. चौथ्या फेऱ्याला बोटं हललीच नाहीत.

"पंप काढा," मी ओरडले. "पेटी उघडा. दमा हाय तिला."

सगळा कालवा एकदम बंद झाला. जिवनबाईच्या मुठीतून चावी सोडवायला मला जोर लावावा लागला. टपावरची पेटी खाली ओढली, नव्या साड्या मातीत पडल्या. तिला बसतं करून मी निळ्या पंपाचे एकामागून एक फवारे दिले. ओठ जांभळे झाले होते. त्याच फुलं लावलेल्या जीपेतून तिला बाळापूरला नेलं आणि ऑक्सिजन लावला. दिवस मावळेपर्यंत ती बोलायला लागली. रणजीत बाहेरच्या बाकावर मुंडावळ्या हातात घेऊन बसून होता. दुसऱ्या दिवशी व्याही तिला घेऊन गेले.

"तुझ्या तोंडाला दहा मिनिटं कुलूप लागलं असतं तर," जिवनबाई मला म्हणाली. दहा मिनिटांत तिची पोरगी गेली असती. हे तिलाही ठाऊक होतं.

पोळ्याला मिना माहेरी आली आणि तिला न्यायला कुणी आलंच नाही. थावरा दोनदा जाऊन आले. सासू त्यांना म्हणाली, "दमा हाय म्हणून न्हाई. तुमी झाकलं काहून? उद्या अजून काय निघंल?" हे खरं कारण की नुसतं निमित्त, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण पहिल्याच दिवशी निळा पंप व्याह्यांसमोर ठेवला असता तर निदान हे वाक्य त्यांना मिळालं नसतं.

दिवाळीच्या तोंडावर ती उरलेलं सामान आणायला एकटीच गेली आणि परत आली. मी फाट्यावर उभी होते, शेजारी भिकाबाई होती. सासरहून आलेली लेक गळ्यात पडून रडते, बायाही रडतात, हीसुद्धा आमची रीत. मिना एसटीतून पेटी घेऊन उतरली. भिकाबाईनं हात पसरले, स्वतःच सूर धरला आणि एकटीच रडत राहिली.

मग मिना माझ्या गळ्यात आली. पाठीवर तिची बोटं टेकली. दोन वेळा आत, चार वेळा बाहेर, कुठंही न अडता. छातीतून शीळ येत नव्हती. मी शिकवलं होतं त्याहून नीट करत होती ती.

"रड गं बाई," मी म्हटलं. "पंप हाय माझ्याजवळ. रड."

"नको काकी," ती म्हणाली. "आता जमतंय मला."