वरचा डेक

“वरची माणसं खाली उतरल्याशिवाय मी इंजिन चालू करणार नाही, भाऊजी.”

दिराने ते हसण्यावारी नेलं. बोट त्याची होती. कॅटमरान, दोन अरुंद पोटं आणि त्यांवर टाकलेला एकच रुंद डेक. छपरावर त्याने नुकतीच बाकडी ठोकून घेतली होती, आणि पलीकडच्या काठावर कामाला जाणारे लोक हौसेने जिना चढून वर बसले होते.

“वहिनी, ही बोट हलते तरी का? भरलेला कप ठेवा, सांडणार नाही.”

“तीच तर भीती. साधी होडी आधी कलते, माणसाला सावध करते. ही शेवटपर्यंत ताठ राहते आणि वर वजन झालं की एकदम पालथी होते. मग सुलटी व्हायचं नाव नाही. त्यात आज वारा आडवा आहे.”

“दादाचं ऐकून मलाच शिकवताय?”

“हो. त्यांनी तुम्हालाही शिकवलं होतं. ते गेले, म्हणून पाणी बदललं नाही.”

वरून कुणीतरी खेकसलं, “बाई, तुमचं घरचं भांडण घरी करा. आम्हाला उशीर होतोय.”

तिने किल्ली काढून मुठीत धरली आणि सुकाणूच्या चाकाकडे पाठ करून बसली. दीर बोलून बोलून थकला. शेवटी लोक कुरकुरत खाली आले.

मधल्या पाण्यात लाट डेकखाली धाडकन आपटली. बसलेली माणसं जागची हलली, हाताला येईल ते धरू लागली. तिने दोन्ही इंजिनं मंद केली, बोटीचं तोंड लाटेकडे वळवलं आणि सगळ्यांना पैलतीरी उतरवलं. उतरताना कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी दीर म्हणाला, “उद्यापासून येऊ नका.”

दुसऱ्या दिवशी ती आली. तिकीट काढलं आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर ठाण मांडून बसली. मागे रांग खोळंबली.

“वहिनी, उठा. लोक हसतायत.”

“हसू देत. मी आता उतारू आहे. बसले इथं.”

“रोज बसणार आहात का?”

“रोज.”

दिराने नव्या चालकाकडे पाहिलं. चालकाने मान खाली घातली. इंजिनाला हात लावला नाही. रांगेतली एक बाई पुटपुटत खालच्या बाकावर जाऊन टेकली. तिच्यामागून बाकीचेही सरकले.

बोट सुटली. धक्का सोडताना चालकाने डावं इंजिन जरा जास्तच रेटलं. तिचा हात आपोआप पुढे गेला. तिने तो मागे घेतला आणि जिन्याच्या कठड्यावर घट्ट ठेवला.