न दिसणारी रेघ

"पुन्हा दूध करपलं!" दादा पातेलं घासत करवादला. "आता बास. बाबांना मी माझ्याकडे नेतो, आणि या घराला कुलूप."

जन्मभर शिलाई मशीन चालवलेले बाबा खिडकीशी अपराध्यासारखे बसून होते. दादाची बहीण, घरात सगळ्यांची धाकटी, बाटल्या भरण्याच्या कारखान्यात बिघाड शोधायची. चौकशीआधीच शिक्षा तिला पटेना. तिने कापड बेतायच्या टेबलावर बटणांचा डबा ओतला आणि बाबांच्या खडूने गोल काढले.

कॉलेजात असताना याच टेबलावर ती पेट्री नेट शिकली, म्हणजे यंत्राचं काम टप्प्याटप्प्याने मांडायची आकृती. अवस्थेला गोल, घटनेला रेघ, आणि घटना घडली की बटण पुढे. "इंजिनीअर होतेयस की सोंगट्या खेळतेयस?" असं बाबा चिडवायचे आणि कामावरून आलेली आई दारातच हसत सुटायची. काय भरलेलं घर होतं ते!

"बाबा, दूध ठेवलंत. मग?"

"मग दार उघडलं."

"बेल वाजली?"

"नाही."

"बाहेर कोण होतं?"

"कुणी नाही."

बटण अडलं. दुधापासून दारापर्यंत जाणारी रेघच नव्हती. कारखान्यात असं झालं की धाकटी समजायची, आपल्याला न दिसणारं काहीतरी मध्येच घडतंय. दिसतं त्यावरून त्याचा माग काढायचा.

"रोज याच वेळेला उठता?"

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. "तिची ड्यूटी सुटते ना. दाराशी येऊन पर्समध्ये किल्ली शोधत बसते. म्हणून मी आधीच उघडतो."

दादाचा हात थांबला. आईला जाऊन वर्ष उलटलं होतं.

"बाबा, आई गेली. कळतंय ना तुम्हाला?"

"मला कळतं रे. पायांना कळत नाही."

धाकटीने दुधापासून दारापर्यंत खडूची रेघ ओढली आणि बटण पुढे सरकवलं.

"दादा, दूध आपण सकाळीच तापवून ठेवू. कुलूप कशाला?"

दादाने पातेलं लख्ख घासून फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा ठरल्या वेळी उठले. कुणी अडवलं नाही. धाकटी त्यांच्याशेजारी दारात जाऊन उभी राहिली. जिना रिकामा होता. बाबांनी जरा वेळ वाट पाहिली आणि दार लोटलं. कडी मात्र लावली नाही.