मेथीचा लाडू कोण, ते मला ठाऊक आहे

मित्रांनो, आधी पोटभर हसून घ्या. माझ्या काचेला उभा तडा गेला आहे, पाठीचं झाकण सैल झालं आहे, आणि ते निसटू नये म्हणून माझ्या कमरेला कोथिंबिरीच्या जुडीचा रबर बांधला आहे. झालं हसून? बरं, आता ऐका. तुमच्याशी बोलतो आहे तो एक म्हातारा मोबाईल आहे, पण पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कितीतरी कामकरी माणसांची गुपितं या म्हाताऱ्याच्या पोटात आहेत. तुमच्या घरातल्या त्या चकचकीत मोबाईलला विचारा बरं, त्याने काय सांभाळलं? जेवणाच्या ताटाचे फोटो!

माझ्या जन्माची हकीकत फारशी सांगण्यासारखी नाही. कारखान्यातल्या लांब पट्ट्यावरून माझी शेकडो भावंडं सरकत होती आणि हातमोजे घातलेल्या मुली आमच्यात एकेक भाग बसवत होत्या. मला विकत घेतलं तनुजाने. ती राहायची पिंपळे गुरवला आणि नोकरीला जायची हिंजवडीत, संगणकाच्या कंपनीत. तिची कॅब वाहनांच्या रांगेत अडकली की तिला माझ्याशिवाय दुसरं कोण होतं? गाणी मी ऐकवायचो, आईला "उशीर होतोय गं" हे मीच कळवायचो. पुढे तिने नवा फोन घेतला आणि मला खणात टाकलं, तुटक्या वायरींच्या शेजारी. गरज सरो अन् वैद्य मरो, दुसरं काय! मला फार वाईट वाटलं, ते मी लपवत नाही.

पण माझं नशीब अजून संपलं नव्हतं. तनुजाची स्कूटर बिघडली आणि ती संत तुकाराम नगरातल्या इम्तियाजभाईंच्या गॅरेजमध्ये गेली. तिथे रणजीत आपल्या मोटरसायकलची वाट बघत बसला होता. रणजीत पिंपळे गुरवच्या जुन्या शेतकरी घरातला. शेतावर इमारती आल्या आणि तो चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट करू लागला. तिघांच्या गप्पा निघाल्या. बाहेरगावाहून रोज नवी माणसं येतात, त्यांना खोली कुठे मिळेल, कुठला कंत्राटदार बरा, कंपनीची बस कुठून सुटते, काहीच ठाऊक नसतं. तनुजा म्हणाली, आपण मोबाईलवर एक ग्रुप काढू या. दुसऱ्याच दिवशी तिने मला खणातून काढलं, पुसलं, नवं सिमकार्ड घातलं. ग्रुपचं नाव ठेवलं 'शिफ्टवाले', आणि मी झालो त्याचा कारभारी!

कारभार साधा होता. ग्रुपमध्ये कुणाला कुणाचा नंबर दिसायचा नाही. ज्याला काही विचारायचं असेल त्याने ते मला पाठवायचं, आणि मी ते त्याने निवडलेल्या टोपणनावाने सगळ्यांपुढे ठेवायचं. पगार कुणालाच नव्हता. दिवसा मी इम्तियाजभाईंच्या गल्ल्यावर असायचो, फर्स्ट शिफ्ट सुटली की रणजीत मला घ्यायचा, सुट्टीच्या दिवशी तनुजा. मला एका हातातून दुसऱ्या हातात देताना ते कंपनीतल्यासारखा चार्ज द्यायचे. चार्ज म्हणजे जबाबदारी. "काय पेंडिंग?" असं घेणाऱ्याने विचारायचं, देणाऱ्याने सगळं सांगायचं, आणि मग घेणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "चार्ज घेतला." त्यानंतर माझ्यात येईल त्या नावाला तो माणूस बांधील. गॅरेजमधली गिऱ्हाइकं हसायची. मला मात्र तेव्हा अगदी कलेक्टर झाल्यासारखं वाटायचं.

आणि काय एकेक टोपणनावं, मित्रांनो! कुणी 'उपाशी वेल्डर', कुणी 'डबल ओव्हरटाइम', कुणी नुसताच 'झोप'. सगळ्यांची लाडकी होती 'मेथीचा लाडू'. बोलणं कडू, पण अंगी लागणारं. एका नव्या मुलीने विचारलं, मशीनवर ओढणी चालते का? मेथीच्या लाडवाने लिहिलं, "चालते की. आधी ओढणी चालते, मग तिच्यामागं मान चालते. घरी ठेवून ये बाई." लोक हसले आणि दुसऱ्या दिवसापासून ओढण्या घरी राहिल्या. ही मेथीचा लाडू म्हणजे कस्तुरा, एका छोट्या कंपनीत प्रेस मशीनवर काम करणारी कंत्राटी कामगार. घरात कमावती ती एकटीच. हे चार्ज घेणाऱ्या तिघांना आणि मला, एवढ्यांनाच माहीत होतं.

असं छान चाललं असताना माशी शिंकली. 'मोठे साहेब' असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी चाकणच्या एका कंपनीत भरती असल्याचं लिहिलं. लातूरकडचे भैरूभाऊ हातातलं काम सोडून, नवे कपडे घालून त्या गेटवर गेले. भरती वगैरे काही नव्हतीच. तो 'मोठे साहेब' आपला नंबर बंद करून पसार झाला. भैरूभाऊ गॅरेजमध्ये येऊन बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "तुमच्या ग्रुपात आलं म्हणून खरं धरलं की हो मी. आता जुना कंत्राटदार बी परत घेईना." कुणी चहा पुढे केला, तो तसाच निवत राहिला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रणजीत भडकला. "बास झाली ही सोंगं! ज्याला सोताचं नाव सांगायला लाज वाटती त्यानं बोलूच नये. आमच्या गावात चावडीवर तोंड झाकून कुणी बोललंय का कधी?"

"चावडीवर बोलून माणूस आपल्या घरी जेवायला जायचा भावा," इम्तियाजभाई म्हणाले. "इथं बोलला की दुसऱ्या दिवशी गेटच्या बाहेर. ज्याला घालवायला काही नाही, त्याला नाव सांगणं सोपं असतं."

"मग भैरूभाऊंना काय सांगू? कुणी फसवलं त्येबी ठाऊक न्हाई म्हनून?"

तनुजाला दोघांचंही पटत होतं. शिकलेल्या माणसांचं हे असंच. शेवटी रणजीतचं चाललं, आणि नियम झाला की यापुढे प्रत्येकाने गेटपासचा, म्हणजे कंपनीच्या ओळखपत्राचा, फोटो पाठवायचा आणि खऱ्या नावानेच बोलायचं.

आता गेटपास म्हणजे काय, ते आपल्या भागात सांगायला नको. खोली देणारा मालक आधी गेटपास बघतो. खानावळवाल्या मावशी गेटपास बघूनच डबा सुरू करतात. मुलीचं स्थळ ठरवताना होणाऱ्या जावयाचा गेटपास मागवलेलाही मी पाहिला आहे. ज्याच्या गळ्यात गेटपास तो माणूस भरवशाचा, अशी इथली समजूत. त्यामुळे नियम सगळ्यांना पसंत पडला आणि माझ्यात फोटोंची रीघ लागली. पण एक गोष्ट तिघांच्याही ध्यानात आली नाही. कायम कामगारांच्या गेटपासची दोरी निळी असते आणि कंत्राटी कामगारांची पिवळी. निळ्या दोरीवाले छाती काढून आले. पिवळ्या दोरीवाले हळूहळू गप्प झाले.

ग्रुप शांत झाला. रोज सकाळी फुलांची चित्रं आणि सुविचार, वाढदिवसाला केकची चित्रं. भांडण नाही, खोटी भरती नाही, आणि प्रश्नही नाही. 'झोप' गेला, 'उपाशी वेल्डर' गेला. मेथीच्या लाडवाचा तर आवाजच बंद. माझी बॅटरी दोन दोन दिवस पुरू लागली! इम्तियाजभाई मला पान्यांच्या डब्याशेजारी ठेवून विसरू लागले. चार्ज देताना "काय पेंडिंग?" "काही नाही," एवढंच. रणजीत मात्र खूश होता. "बघा, कशी शिस्त आली," म्हणायचा. त्याला सगळ्यात जास्त अभिमान धनेश साहेबांचा. हे कस्तुराच्या कंपनीतले सुपरवायझर. त्यांचा गेटपास एकदम कडक, फोटो कोटातला, बोलणं मधाळ. "असे जबाबदार लोक हवेत," असं रणजीतने स्वतः लिहिलं होतं.

एका दुपारी रणजीतने माझा चार्ज घेतला, आणि तेवढ्यात कस्तुराचा निरोप आला. सोबत दोन फोटो. एक तिच्या गेटपासचा, पिवळ्या दोरीचा. दुसरा प्रेस मशीनचा. मित्रांनो, या मशीनला दोन बटणं असतात, दोन टोकांना. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच वरचा जड साचा खाली येतो, म्हणजे तेव्हा हात साच्याखाली नसणारच. फोटोत एक बटण सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने करकचून दाबून बांधलेलं होतं. म्हणजे आता एकच हात बटणावर, दुसरा माल सरकवायला साच्याखाली. काम भराभर होतं ना! कस्तुराने लिहिलं होतं, "सगळ्या प्रेसवर असंच बांधलंय. शेजारच्या जयमालाचा हात काल थोडक्यात वाचला. लोकांना कळू द्या. पण माझं नाव लावू नका, पाया पडते."

रणजीतचा अंगठा माझ्या काचेवर येऊन थांबला. नियम त्याचाच होता. नाव लावायचं तर ग्रुपमध्ये धनेश साहेब बसलेले, त्यांना आपणच मानाने बसवलेलं. ट्यूब बांधायला सांगणारे तेच असणार. नाव न लावायचं तर भैरूभाऊंना काय तोंड दाखवायचं? त्याचा अंगठा घामाने ओला झालेला मला जाणवत होता. शेवटी त्याने कस्तुराला फोन लावला.

"ताई, बिननावाचं टाकलं तर लोक इस्वास ठेवतील का?"

"दादा, बटण तर खरं हाय ना?" कस्तुरा म्हणाली. तिच्यामागे मशीनची धाडधाड ऐकू येत होती. "माझं नाव असो नसो, बोट गेलं तर खरंच जाणार. तुमाला माझं नाव ठाऊक हाय, फोटो तुमी बघितला. आणखी किती जणांना दाखवू मी?"

रणजीतने बटणाचा फोटो पुन्हा एकदा मोठा करून बघितला. मग म्हणाला, "न्हाई ताई. कुणालाच नको. तुमी कामावर जावा."

आणि त्याने बटणाचा फोटो ग्रुपमध्ये टाकला. कंपनीचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, "ही गोष्ट सांगणारं माणूस कोण ते मला माहीत आहे. मी खात्री केली आहे. नाव विचारू नका. खोटं निघालं तर मला धरा. रणजीत, पिंपळे गुरव." असा घाबरलेला आणि असा ताठ माणूस मी एका वेळी कधी पाहिला नव्हता. मित्रांनो, त्या दिवशी मला तो फार आवडला.

मग काय, मोहोळच उठलं! गप्प झालेली माणसं पुन्हा मला निरोप पाठवू लागली. आमच्याकडेही ट्यूब बांधली आहे, आमच्याकडे लाकडाची पाचर मारली आहे. मी इतका तापलो की इम्तियाजभाईंनी मला पंख्याखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी धनेश साहेब गॅरेजमध्ये आले. रणजीत तिथेच होता. साहेब गोड हसून म्हणाले, "रणजीतराव, नियम तुम्हीच केला ना? खऱ्या नावाशिवाय बोलायचं नाही म्हणून? मग त्या बाईचा गेटपास दाखवा. मी तिला काही करणार नाही, फक्त समजावून सांगेन."

"बाई हाय असं मी कुठं लिव्हलं साहेब?" रणजीतने विचारलं.

साहेबांचं हसू गेलं. "तुमच्या कंपनीतले मॅनेजर माझ्या ओळखीचे आहेत, हे लक्षात ठेवा," असं म्हणून त्यांनी गल्ल्यावरच्या माझ्याकडे हात केला. इम्तियाजभाईंनी मला आधीच उचललं होतं. झटकन रबर काढला, झाकण उघडलं आणि माझी बॅटरी काढून खिशात घातली. "पुराना माल आहे साहेब, मधूनच मरतो," ते म्हणाले. माझ्यापुढे अंधार झाला. पण तो होण्याआधी रणजीतचं बोलणं माझ्या कानावर पडलं होतं. "नाव पाहिजे ना तुमाला? माझं घ्या. र-ण-जी-त. गेटपास बी दावतो, निळ्या दोरीचा हाय."

पुढचं मला इम्तियाजभाईंच्या बोलण्यातून कळलं. बोभाटा एवढा झाला की कस्तुराच्या कंपनीच्या मालकांनी स्वतः उभं राहून सगळ्या ट्यूबा कापायला लावल्या. जयमाला आता दोन्ही हातांनी बटणं दाबते. कुणी लिहिलं ते शेवटपर्यंत उघड झालं नाही. रणजीतचा ओव्हरटाइम मात्र बंद झाला, तो अजून सुरू झालेला नाही. तो त्याबद्दल बोलत नाही, पण घरी ओढाताण होते, हे मला कळतं.

गेटपासचे सगळे फोटो तनुजाने माझ्यातून पुसून टाकले आणि नियम पुन्हा बदलला. आपण कोण ते चार्ज असलेल्या माणसाला सांगायचं, ग्रुपपुढे हवं ते नाव घ्यायचं. आणि भरतीची बातमी असेल तर आमच्यापैकी कुणीतरी त्या गेटवर जाऊन विचारून आल्याशिवाय ती टाकायची नाही. हे गेटवर जायचं काम कोण करतं, सांगू? भैरूभाऊ! त्यांना इम्तियाजभाईंच्या ओळखीने गोदामात काम मिळालं. सुट्टीच्या दिवशी ते सायकलवर टांग टाकून निघतात आणि वॉचमनला उलटसुलट विचारून हैराण करतात. अजून आमच्याकडून चुका होतात. मागे एक भांडखोर माणूस टोपणनावाआडून कुणालाही शिव्या देत सुटला, त्याला काढावं लागलं.

मित्रांनो, माझे आता थोडेच दिवस राहिले आहेत. बॅटरी फुगली आहे. माझं काय व्हायचं ते होवो, पण एक विनंती ऐका. तुमच्या हातातल्या मोबाईलवर कुणी टोपणनावाने काही सांगितलं, तर लगेच हुरळू नका आणि लगेच हाकलूही नका. जाऊन बघा, विचारा. आणि कुणी विश्वासाने आपलं खरं नाव तुमच्याजवळ ठेवलं, तर ते जिवापाड जपा.

आता तुम्हाला वाटेल, हा म्हातारा मोठा शहाणा, आणि स्वतःच त्या बाईचं नाव सगळ्यांना सांगून बसला! अरे बाळांनो, रणजीतने आपलं नाव उघड लावलं होतं, म्हणून ते मी तसंच सांगितलं. पण तिचं नाव कस्तुरा नाही. ती कधी मेथीचा लाडूही नव्हती. तुम्ही कितीही गोड बोललात तरी खरं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. ती रोज सकाळी कामावर जाते आणि दहाही बोटं घेऊन घरी येते, एवढं कळलं तुम्हाला, तेवढं पुरे.