चिमटीचे खरे वजन

मी एक जुना वजनकाटा आहे, आणि मला खोटेपणा अजिबात खपत नाही. स्वभावच तसा, काय करणार! तरीही, मित्रांनो, आयुष्यात दोनदा मी खोटे बोललो. दोन्ही वेळा माणसांनी ते माझ्याकडून मायेपोटी वदवून घेतले, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण झाले ते सांगितल्याशिवाय मला राहवतही नाही.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. खाली बिडाचा चौथरा, वर पितळी दांडी, दांडीवर सरकणारी दोन वजने आणि दांडीच्या टोकाला बोराएवढा एक नट. हा नट म्हणजे माझे इमान. तो आत फिरवला की माझ्यावरचे ओझे आहे त्याहून जास्त दिसते, बाहेर फिरवला की कमी. कारखान्यातल्या म्हाताऱ्या कारागिराने तो एकदा बसवला आणि बजावले, "याला आता कुणी हात लावायचा नाही." पुढची कितीतरी वर्षे मी एका पार्सल ऑफिसात खोकी आणि पोती मोजली. खोकी बिचारी चढत, उतरत, कधी तक्रार करत नसत.

मग मला मुष्टियुद्धाच्या तालीमखान्यात आणले आणि माझा माणसांशी संबंध आला. खिडकीखाली दोरीने आवळलेली रिंग, छताला टांगलेल्या चामडी पिशव्या, आणि दाराशी मी. इथे वजनाचे गट असतात. एकावन्न किलोच्या गटात लढायचे तर एकावन्नच्या वर एक चमचाभर पाणीसुद्धा चालत नाही. माझ्यावर चढताना मोठमोठे पैलवान अंगठीसुद्धा काढून ठेवत. एकाने तर चढण्याआधी दाढी केली. मला हसू आले, पण दांडी हलेल म्हणून मी ते दाबले.

तालीमखाना मास्तरांचा. मास्तर स्वतः तरुणपणी एकावन्नच्या गटात बावीस लढती लढले आणि एकही हरले नाहीत. त्यांचे वजनही मीच करत असे. पुढे त्यांचे अंग भरू लागले, एकावन्न जमेना. वरच्या गटात जा, असे सगळ्यांनी सांगितले. ते गेले नाहीत. हातमोजे खुंटीला अडकवले आणि शिकवू लागले. आजही रस्त्यात लोक त्यांना "न हरलेले मास्तर" म्हणतात आणि ते मान खाली घालून भराभर चालू लागतात.

त्यांच्या थोरल्या बहिणीला सगळे ताई म्हणत. सकाळी तालीमखाना उघडून झाडलोट करण्याचे काम तिचे. तिची मुलगी दहा वर्षांची असताना पहिल्यांदा माझ्यावर उभी राहिली, तेव्हा मास्तर म्हणाले, "अगं, ही तर चिमटीभर आहे!" तेव्हापासून ती चिमटी. चिमटी वाढली, एकावन्नच्या गटात सतरा लढती लढली आणि सतराही जिंकली. मास्तरांना आभाळ ठेंगणे झाले. भाचीच्या रूपाने आपणच पुन्हा लढतो आहोत, असे त्यांना वाटे.

पण एकोणिसाव्या वर्षी चिमटीची उंची वाढली, खांदे रुंदावले. लढतीआधी आठवडाभर ती जेवण सोडू लागली. शेवटच्या दिवशी तर पाण्याने नुसती चूळ भरायची आणि थुंकून टाकायची. तिचे तळवे माझ्यावर टेकत, तेव्हा ते थंडगार असत. मला तिची फार दया येई.

एका सकाळी मास्तर एकटेच आले आणि त्यांनी माझा नट आत फिरवला. आता मी अर्धा किलो जास्त दाखवू लागलो. इथे वजन बसले म्हणजे स्पर्धेच्या काट्यावर हमखास बसेल, पोरीची फजिती होणार नाही, हा त्यांचा हिशेब. मला रडू कोसळले असते, पण बिडाला रडता येत नाही.

चारच दिवसांनी झाडू कोपऱ्यात ठेवून ताई आली. तिने माझ्यावर पाण्याने भरलेली बादली ठेवली, नट इकडे फिरवला, तिकडे फिरवला, आणि नीट पाहून तो बाहेर सरकवला. चांगला एक किलोने! पोरीला आकडा कमी दिसेल, मग ती दोन घास तरी खाईल, हा तिचा हिशेब. भावाने आधीच नट फिरवला आहे हे तिला माहीत नव्हते, आणि बहिणीने नंतर फिरवला हे त्याला. दोघांच्या मध्ये माझे मात्र पुरते वाटोळे झाले. आता मी अर्धा किलो कमी दाखवत होतो.

लढतीच्या सकाळी माझ्यावर बरोबर एकावन्न भरले. तिघांचाही जीव भांड्यात पडला. पुढचे मी नंतर ऐकले. स्पर्धेच्या काट्यावर चिमटी अर्धा किलो जास्त निघाली. दोन तासांची मुदत मिळाली. प्लास्टिकचे जाकीट घालून ती जिन्यावरून वरखाली धावली, घाम गाळून वजनात बसली, लढली, जिंकलीही. अठरावा विजय! आणि कपडे बदलण्याच्या खोलीत बुटाची नाडी सोडताना ती जागीच कोसळली. डॉक्टरांनी सलाइन लावले आणि मास्तरांना म्हणाले, "हे शरीर आता एकावन्नचं राहिलेलं नाही. तुम्ही तिला त्यात कोंबताय."

मास्तरांनी सगळे खापर माझ्यावर फोडले. "हा काटा भंगारात टाका!" ताईने मात्र आधी काटे दुरुस्त करणाऱ्याला बोलावले. त्याने सोबत आणलेली वजने माझ्यावर ठेवली, नट निरखला आणि म्हणाला, "काटा ठणठणीत आहे हो. याला कुणीतरी फिरवलंय. आणि एकदा नाही, दोनदा. दोन वेगवेगळ्या खुणा आहेत."

मास्तर छताकडे पाहू लागले, ताई जमिनीकडे. दवाखान्यातून नुकतीच परतलेली चिमटी बाकावर बसली होती. तिच्या सगळे लक्षात आले.

"तुम्ही दोघांनी?"

"तुला दोन घास मिळावेत म्हणून गं," ताई म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

मास्तरांचा आवाज चढला. "आणि मी काय वैरी आहे का तिचा? अठरा लढती! वरच्या चोपन्नच्या गटात पोरी हिच्यापेक्षा उंच, हाताने लांब. एक जरी हरली तर सगळं पुसलं जाईल!"

"काय पुसलं जाईल, मामा?" चिमटी शांतपणे म्हणाली. "जिंकलेल्या अठरा कुठे जाणार आहेत? मला पोटभर जेवून लढायचंय. हरले तर हरले. तुम्ही कधी हरला नाहीत, पण थांबलात ना? मला थांबायचं नाहीये."

मास्तरांनी दुरुस्तीवाल्याला खूण केली. त्याने माझा नट जागेवर आणला आणि मी पुन्हा खरे बोलू लागलो.

मित्रांनो, चिमटी चोपन्नच्या गटात पहिलीच लढत हरली. पाचांपैकी तीन पंचांनी दुसरीला कौल दिला. तुम्हाला वाईट वाटले ना? मलाही वाटले. दुसऱ्या दिवशी ती तालीमखान्यात आली, डोळा सुजलेला, आणि बूट न काढताच माझ्यावर चढली. मी पंचावन्न दाखवले. मास्तर जवळ आले. त्यांनी आकड्याकडे पाहिलेसुद्धा नाही. लहान मुलासारखे त्यांनी विचारले, "हरल्यावर कसं वाटतं गं? मला खरंच माहीत नाही."

चिमटीने थोडा विचार केला.

"भूक लागते, मामा."

ताई तशीच घराकडे धावली, चूल पेटवायला.

बालमित्रांनो, माझ्यासारख्या काट्यांना जपा, आमच्या नटाला हात लावू नका. आणि कधी माझ्यावर उभे राहिलात, तर जो आकडा येईल त्याच्याशी भांडू नका. त्याला सोबत घ्या आणि घरी जेवायला जा.