ऑगस्टातल्या बंद झडपा

गास्तों रुसला असेल तर खुशाल रुसू दे, सोलांजबाईंनी ठरवूनच टाकलं होतं. आपण काही मनधरणी करायला जायचं नाही.

भांडण तरी कशावरून? बागेत चिनाराखाली लोखंडी गोळ्यांचा डाव रंगला होता. कुणाचा गोळा छोट्या लाकडी चेंडूच्या जास्त जवळ, यावरून दोघांची जुंपली. "तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या जिभेचा!" असं म्हणून गास्तोंने गोळे पिशवीत भरले आणि तरातरा निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी मान वर करून पाहिलं, तर बागेसमोरच्या त्याच्या घराच्या सगळ्या खिडक्यांच्या लाकडी झडपा बंद.

"गेला वाटतं लेकीकडे, समुद्रावर," शेजारी बसलेल्या मादलेनला त्या म्हणाल्या. ऑगस्टच्या सुट्टीत ग्रनोबल शहरात राहतंय कोण? पाववाल्याचं दुकान बंद, डॉक्टरच्या दारावर सुट्टीची चिठ्ठी. "पण सांगून जायची काही रीत? अकरा वर्षं खेळतोय आम्ही. मेल्याला एवढंही सुचलं नाही!"

ऊन असं की बागेतलं गवत करपून गेलं होतं. बाई रोज सकाळी येत, वर बघत आणि मनातल्या मनात त्याला फैलावर घेत.

नवव्या दिवशी त्याची मुलगी कोरीन बॅग ओढत बागेत आली.

"मादाम, बाबा कुठायत? फोन उचलत नाहीत. म्हटलं, तुमच्याबरोबर खेळण्यात दंग असतील."

"अगं, ते तुझ्याकडे गेलेत ना?"

बॅग तिथेच टाकून कोरीन धावत सुटली.

दार आतून लावलेलं होतं. ते फोडायला अग्निशमन दलाचे जवान आले. वास जिन्यातच आला.

"झडपा कधीपासून बंद होत्या?" एका जवानाने सोलांजबाईंना विचारलं.

"आठवडा झाला."

"आणि कुणी दार वाजवलं नाही?"

सुट्टीला जाणारा माणूस झडपा लावून जातो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. पण उन्हाच्या तडाख्यात घरी राहिलेलाही झडपा लावूनच बसतो. सकाळी निघताना बाईंनी स्वतःच्या घरच्याही लावल्या होत्या, एकूण एक.

"मी रागावले होते हो त्यांच्यावर," त्या कशाबशा म्हणाल्या.