माझी शेवटची ओळ हबीबभाईंपाशी

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. नाकं मुरडू नका! अंगावर लोण्याचे डाग असले, तरी फ्रान्समधल्या एका हॉटेलात बावीस वर्षं माझा काय थाट होता! जुन्या नाशकातले हबीबभाई तिथे स्वयंपाकी होते. शेजारच्या शेगडीवर वेई नावाचा चिनी स्वयंपाकी. दोघांना एकमेकांशी बोलायला एकच भाषा, मोडकीतोडकी फ्रेंच. दोघांनी मिळून जमवलेले पदार्थ हबीबभाईंनी त्याच भाषेत माझ्यात लिहिले.

म्हातारपणी दोघे आपापल्या देशी परतले. पुढे वेई वारला. त्याच्या मुलीचा निरोप आला, "बाबांच्या हातची चव हवी आहे. वही चिनी भाषेत मिळेल का?" हबीबभाईंनी शब्द दिला आणि भाषांतराचं काम आपल्या मुलीवर, मेहविशवर, सोपवलं.

मग सुरू झाली वणवण. कॉलेज रोडच्या फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंना चिनी येईना. अंबडच्या कारखान्यातल्या चिनी भाषेच्या दुभाष्याला फ्रेंच येईना. फोनमधल्या भाषांतराच्या ॲपला तर माझं अक्षरच लागेना. पुण्यात एकाला दोन्ही भाषा येत होत्या, पण त्याचं सगळं आयुष्य यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरित करण्यात गेलेलं. त्याने एक पान करून दिलं. वेईच्या मुलीने ते रांधून पाहिलं, तर सॉस पार फाटला.

"अगं, याने जन्मात कधी कांदा तरी परतलाय का?" हबीबभाई वैतागले. "चुलीपाशी घाम गाळलेला माणूस शोध, बेटा."

"शोधते, अब्बा. तुम्ही आराम करा."

तीन वर्षं ते रोज विचारायचे, "मिळालं का कोणी?" मेहविश नकारार्थी मान हलवायची आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घालायची. गेल्या हिवाळ्यात हबीबभाई गेले. मी त्यांच्या उशाशीच होते.

त्यांचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला आणि आठवड्याभरात माणूस मिळाला! पॅरिसमध्ये राहणारी, स्वतः स्वयंपाकी असलेली एक चिनी बाई. तिने माझी पानं वाचली आणि मेहविशला विचारलं, "प्रत्येक पदार्थाची शेवटची ओळ कोरी का आहे?"

मेहविशला ठाऊक नव्हतं. मला होतं. हबीबभाईंच्या उस्तादांची रीतच तशी. शेवटची गोष्ट कागदावर ठेवायची नाही, समोर बसवून तोंडाने सांगायची. भाषांतर करणारा आला की त्यालाच सांगू, म्हणून ते थांबले होते. आणि मेहविशला वाटलं, सगळं वहीतच लिहिलेलं आहे.

"अब्बा, मी तुम्हालाच विचारलं नाही हो," म्हणत ती मला छातीशी धरून हमसून हमसून रडली.

चिनी वही तयार झाली. तिच्यातही शेवटची ओळ कोरीच आहे.

मित्रांनो, मला आता मखमलीत गुंडाळून ठेवतात. मला जपून काय उपयोग? तुमच्या घरी कोणाच्या हाताला चव असेल, तर मला मिटा आणि आधी त्यांच्यापाशी जाऊन बसा.