निचऱ्याचा चर कुठून न्यायचा

मित्रांनो, अल्जीरियाच्या वाळवंटातल्या एका विद्यापीठातला मी एक जुना संगणक आहे. कचेऱ्यांनी टाकून दिलेली यंत्रे गणिताच्या वर्दाबाईंनी एकमेकांना जोडली आणि त्यांचा मी झालो. बाई मुलांना माझ्यापुढे जोडीनेच बसवत, एक गणिताचा आणि एक दुसऱ्या विषयाचा.

नझीम आणि मबारका ही अशीच जोडी. नझीम गणिताचा, मबारका शेतकीची. आमच्या मरूद्यानात पाणी कमी नव्हते, जास्त झाले होते. बागांना दिलेले पाणी जमिनीतून पुन्हा वर येई आणि खजुरांची मुळे कुजत. ते काढून नेणारा चर कुठून खणावा, हे दोघांना माझ्याकडून जाणून घ्यायचे होते.

पहिले उत्तर पाहून मबारका हसली. "तुझ्या हिशेबात आमच्या बागा अगदी कोरड्या आहेत. ये एकदा, पण बूट घरी ठेवून ये."

"जमीन सगळीकडे सारखी धरलीय. सोपं जातं," नझीम म्हणाला.

"तुला जातं. खाली दगडासारखा थर आहे, पाणी त्यावर अडतं. पण ते गणितात कसं घालायचं, मला येत नाही."

"थर कुठे किती खोल, ते तू दाखव. घालायचं कसं, ते मी शिकवतो."

तो चिखल तुडवून आला, ती गणित शिकली. उन्हाळ्यात मी तापून बंद पडे. मग वर्दाबाई खिडकीला ओले गोणपाट बांधत आणि मला धीर येई.

शेवटी उत्तर आले. चर मबारकाच्या काकांच्या बागेतून जात होता. तिने आकडे पुन्हा तपासले, पुन्हा विचारले. मला वाईट वाटले, पण उत्तर तेच राहिले.

नझीम हळूच म्हणाला, "थोडा बाजूने दाखवू या. कोण बघतंय?"

"मग पाणी कुठे साचेल?"

"पलीकडच्या बागांत."

तिने नकाशावर पलीकडच्या बागा बोटाने मोजल्या. मग म्हणाली, "नको. आहे तेच छाप."

काही दिवसांनी तिचे काका, बेलकासम, आमच्या खोलीत आले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या डबड्यानं माझी झाडं पाडायला सांगितली होय?"

"नाही, काका. मी सांगितली. यानं नुसता हिशेब केला."

काका खुर्चीत बसले. तिने पुढे केलेला चहा त्यांनी तसाच हातात धरला. "माझ्या बापानं लावलेली झाडं आहेत, पोरी."

"माहीत आहे, काका."

"एवढा खजूर उतरू दे," ते उठताना म्हणाले. "मग खणा."

चर झाला. पलीकडच्या बागा वाचल्या. मबारका कितीतरी दिवस काकांच्या घरावरून जायचे टाळत असे, हे तिनेच नझीमला सांगताना मी ऐकले.

आता माझी निम्मी यंत्रे मुकी आहेत. कधी कोणी येऊन बसते, कधी नुसती धूळ बसते. मित्रांनो, ती पुसलीत तर बरे वाटेल. पण त्याहून मोठे मागणे दुसरे आहे. माझ्या उत्तराने कोणाची झाडे पडणार असतील, तर ते सांगायला मला पुढे करू नका. स्वतः त्यांच्या दारी जा.